हीटरची नळी

बालीगंज, कलकत्ता
१२ मे १९५६

प्रिय वृंदा,

परवापासून घरात संदेशाची मिठाई वाटणं चाललंय आणि तुझी ताई दाराआड उभी राहून विचार करतेय. ह्यांना बजबजच्या जूट मिलमध्ये इंजिनिअरची जागा मिळाली. तिथे मोठं शीतयंत्र बसणार आहे, आणि राहायला नदीकाठी घरही आहे. बर्फाचा कारखाना बंद पडल्यापासून पाच महिने आमचा जीव टांगणीला लागलेला, हे तुला ठाऊकच आहे. मग आनंद का होत नाही, असं विचारशील. तेच मला उलगडत नाहीय. म्हणजे उलगडल्यासारखं वाटतं आणि लगेच वाटतं, छे, मलाच वेड लागलंय. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तू नर्स आहेस, तुला त्यातलं काही कळलं तर बघ.

मिलच्या मॅनेजरसाहेबाने अमेरिकेहून गाडी आणवली. एवढी लांबलचक, की आमच्या गल्लीत वळवताना ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळतं. तिच्यात म्हणे थंड हवेचं यंत्र आहे. पुढच्या जाळीतून थंड हवा यायची, पण येत होती ती वैशाखातल्या गच्चीवरची. साहेब ह्यांना म्हणाला, ही गाडी गार करून दाखव, जागा तुझी. ह्यांची वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली. हे म्हणाले, यंत्र तेच, फक्त चाकांवर बसवलंय. आणि गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

तुझ्या मेव्हण्यांची रीत तुला माहीत आहे. कारखान्यात ह्यांना सगळे थर्मामीटर म्हणायचे. कुठलंही यंत्र बिघडलं की हे नळीवर तळवा ठेवत आणि सांगत, इथे गॅस कमी आहे, इथे तुंबलंय. ते कधी चुकले नाहीत. काचेचा थर्मामीटर ह्यांनी हातात धरल्याचं मला आठवत नाही. ह्या गाडीतही पहिल्या दिवशी हेच केलं. त्या मुलखात बर्फ पडतो, म्हणून त्याच जाळीतून हिवाळ्यात गरम हवाही सोडतात. इंजिनातलं कढत पाणी एका रबरी नळीतून जाळीमागे नेतात, तो हीटर. कलकत्त्यात कोण लावणार तो? बटण बंदच होतं, तरी ह्यांनी नळी मुठीत धरून पाहिली. थंड आहे, म्हणाले. हीटरचा विषय तिथेच संपला.

मग आठ दिवस नुसता गोंधळ. गॅस काढला, भरला. पट्टा बदलला. गॅस गळतोय का बघायला मी माझ्या आमटीच्या वाटीत साबणाचा फेस करून धरून उभी. रोज संध्याकाळी ड्रायव्हर ढाकुरियाच्या तळ्याला चक्कर मारून यायचा आणि घामाने निथळत सांगायचा, बाबू, ह्यापेक्षा ट्राम बरी. हे जाळीपुढे हात धरून म्हणायचे, येतेय की गार. दोघांचं जुंपायचं. मला वाटायचं, ड्रायव्हरच आडमुठा आहे. एकदा मीही हात धरून पाहिला, हवा गरम लागली, पण ह्यांच्यापुढे मी काय बोलणार? मला वाटलं, माझाच हात चुलीपुढचा.

नवव्या दिवशी इंजिन चालू होतं, मी वाटी घेऊन वाकले आणि माझा हात त्या हीटरच्या नळीला लागला. चर्रकन भाजला. मी ओरडले. हे म्हणाले, अगं, ती थंड आहे, घाबरतेस काय, आणि त्यांनी नळी मुठीत धरली. धरली ती धरलीच. धरून मला समजावत राहिले, हीटर कसा बंद आहे ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. मीच त्यांचा हात ओढून काढला, तर तळवा लालभडक. हे एकदा हाताकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले, रस्त्यात कुणी अनोळखी भाषेत पत्ता विचारावा तसे.

दोष पाच मिनिटांत सापडला. बटणाची तार निसटली होती आणि हीटरचा नळ पहिल्यापासून उघडाच होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून हे हसले. गाडी अशी गारठली की साहेबाने शिंकत शिंकत ह्यांचा हात हलवला. त्या हाताला टरटरून फोड आला होता. तो ह्यांना रात्री जेवताना दिसला.

आता मला एकेक आठवतंय. दिवाळीपासून ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. मी समजत होते, लाडात आलेत. चप्पल पायातून निसटते, ह्यांना दहा पावलांनी कळतं. कोपराजवळ एक फिकट चट्टा आहे, त्याला आम्ही नायटा म्हणून गंधकाचं मलम लावतोय. काल दुपारी हे पेपर वाचत होते आणि मी शेजारी बसून शिवत होते. मी ह्यांच्या करंगळीला सुई टोचली. मुद्दाम टोचली. वृंदा, ह्यांनी शांतपणे पान उलटलं.

तो महारोग असेल का गं? शब्द लिहिताना तीनदा थांबले. तू त्याच रोग्यांच्या दवाखान्यात काम करतेस. आता गोळ्या निघाल्यात, माणसं बरी होतात, असं तूच कळवलं होतंस. आणि गेल्या वर्षी तू इकडे येते म्हणालीस तेव्हा घरात जागा नाही असं मी लिहिलं. जागा होती. मला तुझी भीती वाटली, तुझ्या हातांची, तुझ्या ट्रंकेतल्या कपड्यांची. तुझी पत्रंसुद्धा मी उन्हात ठेवून मग वाचायची. मला लाज वाटते. एक तारखेला हे रुजू होतील आणि मिलचा डॉक्टर तपासेल. ह्यांना अजून मी काही बोललेले नाही, मला एकटीला ते जमायचं नाही. त्याआधी ये. तू आलीस की हे सवयीने हात पुढे करतील आणि म्हणतील, बघ, हा माझा थर्मामीटर. तू तो हात हातात घे.

तुझीच,
ताई