पहिली घागर

युट्रेख्ट, नोव्हेंबर २००६

ती. अक्कास,

"परक्यांच्या गावात पंप बसवत हिंडतोस, बहिणीकडे मात्र पाणी प्यायलाही येत नाहीस," असं तू परवा फोनवर म्हणालीस. मी हसून विषय बदलला.

घानाहून परतल्यापासून अंगातला शीण जात नाही. सुट्टी काढून आम्ही स्वयंसेवकांनी तिथल्या एका खेड्यात हातपंप बसवला. एका म्हातारीने पहिली घागर भरली आणि कोणी प्यायच्या आत जुन्या, गढूळ तळ्यात नेऊन ओतली. आमचा डच गटप्रमुख विम वैतागला. "आजीबाई, हे प्यायचं पाणी आहे."

दुभाष्याने तिचं उत्तर सांगितलं, "तुमचा पंप कालचा. ज्या तळ्यानं आजवर पाजलं, त्याला आधी."

सगळे हसले, विमसुद्धा. मला हसता आलं नाही. आई गेल्यावर मला वाढवणारी तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस.

डिसेंबरात पुन्हा तिकडेच जायचं ठरलं होतं. आज सकाळी देवापुढे हात जोडले आणि विमला नाही म्हणून कळवलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू दार उघडशील तेव्हा एवढंच म्हणेन, अक्का, पाणी दे.

तुझा धाकटा,
मनोहर