फौजदाराच्या पिसांवर आलेले बांगडे

मु. पो. खर्डी, ता. शहापूर

आदरणीय लहानीआक्का हिच्या सेवेशी,

धाकट्या भावाचा, म्हणजे इंद्रजीतचा, सविनय जय भीम. भावोजींनाही जय भीम, कारण तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पत्र तेच मोठ्याने वाचणार. (भावोजी, कंसातलं तेवढं मनातल्या मनात वाचा.) इकडे सर्व खुशाल. भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, तुझ्या भावजयीची, कमळची, कंबर जागेवर आहे. तुझा डोळा कसा आहे? भावोजींचा गुडघा? आणि तुझा कोंबडा, फौजदार, तो कसा आहे? नीट खातो ना? संध्याकाळी आठवणीने आत घेतेस ना? त्याची तब्येत सविस्तर कळव. डोळ्याचं थोडक्यात कळवलंस तरी चालेल.

आता म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? आक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझ्या 'हॅलो'तला 'लो' व्हायच्या आत तुमच्या धसईच्या सगळ्या बातम्या सांगून तू फोन ठेवतेस. आणि ही हकीकत अशी आहे की ती मधे न तोडता ऐकलीच पाहिजे, कारण तुझ्या भावाने समुद्र जिंकला आहे.

तुला ठाऊकच आहे, आपली समीक्षा लग्न होऊन अलिबागेच्या बाजूला गेली. तिचे सासरे महेंद्रराव माणूस लाखाचा, पण घर जेट्टीपासून हाकेवर असल्यामुळे समुद्र आपल्या आजोबांनीच खणला असं त्यांना वाटतं. दर रविवारी जेट्टीवर उभे राहून गळाने बांगडे काढतात. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "डोंगरातली माणसं तुमी, तुमाला बांगडा म्हंजे बाजारातल्या टोपलीतला." झालं! आपली पोरगी हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, "माझे बाबा येतील नि तुमच्याच जेट्टीवरून बांगडे काढून दाखवतील." सासरी जाऊन जेमतेम सहा महिने झालेली पोर! मला फोनवर हे कळलं तेव्हा आधी छाती फुगली आणि मग तितकीच खाली बसली. कारण मी आयुष्यभर मासे धरले ते ओढ्यात नाहीतर धरणाच्या पाण्यात, पिठाची गोळी लावून. समुद्रात माझा फक्त पाय गेलेला, तोही पँट दुमडून. पण मी हरलो असतो तर त्या घरात बांगडा शिजेल त्या प्रत्येक दिवशी माझ्या पोरीला ते ऐकावं लागलं असतं.

म्हणून तयारीला लागलो. कल्याणला गळाच्या दुकानात गेलो तर तिथे खोट्या माशांचा बाजारच भरलेला. रबराचे गांडूळ, चमच्यासारखे चकाकणारे पत्रे, डोळे रंगवलेले प्लास्टिकचे मासे. मोठं आमिष, मोठा मासा, असा हिशोब करून मी त्यातला सगळ्यात धिप्पाड, हिरव्या पाठीचा, पोटाखाली दोन तिहेरी गळ लटकणारा मासा उचलला. घरी आणल्यावर कमळने तो हातात धरून उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "अवो, ह्यो तर बांगड्याहून मोठा हाय. बांगडा ह्याला खानार का ह्यो बांगड्याला?" (भावोजी, बायकांना अशा शंका कुठून सुचतात?) मी तिला समजावलं की हे शास्त्र आहे. पण मनात पाल चुकचुकलीच. मग मोबाईलवर पाहिलं तर कुठल्या तरी थंड मुलखातला एक गोरा म्हातारा बांगड्यासाठी कोंबड्याची पिसं वापरत होता. एक लांब तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तिला ओळीने बारीक बारीक गळ, प्रत्येक गळाला एकेक पीस बांधलेलं आणि सगळ्यात खाली शिशाचा तुकडा. पाण्यात ती पिसं लहान माशांसारखी दिसतात म्हणे.

आता आठवलं का, तुझ्या अंगणात मी फौजदाराची गळलेली पिसं वेचत होतो आणि तू विचारलंस, "पिसं खोवून कुठं नाचाया चाल्लास रे?" ती ह्यासाठी. तांबूस, सोनेरी, उन्हात धरली तर हिरवी झाक मारणारी पिसं! कमळच्या रिळातला लाल दोरा घेऊन मी ती एकेका गळाला बांधली, वर समीक्षाच्या लग्नातल्या हाराची थोडी जर लावली. नवरीसारखी नटवली अगदी.

जेट्टीवर पोचलो तर महेंद्ररावांचं अख्खं घर डबे घेऊन हजर, शेजारीपाजारीही आलेले. मी ऐटीत हिरवा मासा फेकला. तो गेला तो थेट नांगरलेल्या होडीच्या दोरखंडाला जाऊन चिकटला, तो अजून तिथेच आहे. होडीवाला जे बोलला ते भावोजींनी वाचण्यासारखं नाही, म्हणून लिहीत नाही. मग मी पिसांची माळ काढली, पाण्यात सोडली आणि आपल्या धरणावरच्या शिस्तीने बसलो. हात दगडासारखा, नजर पाण्यावर, तोंड बंद. तुला माहीत आहे, आपल्याकडे गळ टाकला की माणूस खोकतसुद्धा नाही. म्हणून मी सगळ्यांना गप्प केलं. विहीणबाईंच्या गप्पा थांबवल्या, शेजाऱ्याचा रेडिओ बंद करायला लावला, शेवटी भोंगा वाजवत आलेल्या लाँचलाही बोटाने 'शूऽऽ' केलं. शेजारी महेंद्रराव मात्र मोठमोठ्याने बोलत, हात हलवत, विकतच्या गळाने बांगड्यामागून बांगडा काढत होते. मला म्हणाले, "इंद्रजीतराव, तुमचा पार बगळा झालाय!" सगळे हसले. समीक्षाही हसली, पण मी बाप आहे, मला तिच्या हसण्यातलं कळतं. तिचे डोळे हसत नव्हते.

ती उठून माझ्याजवळ आली, खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, बांगडा हालत्या मालावर येतो. आवणाच्या टायमाला माझी झोळी कशी हालवायचात? तसा हात चालवा."

आक्का, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती दोरीची युक्ती तुझीच ना? समीक्षा तान्ही होती, कमळ आजारी, लावणीसाठी भाताचं आवण खणायला माणूस नाही. तू धसईहून आलीस, बांधावरच्या झाडाला झोळी बांधलीस आणि तिची लांब दोरी माझ्या मनगटाला. मी चिखलात वाकून रोपं उपटायची आणि मधून मधून दोरीला हिसका द्यायचा. ओढ, सोड, ओढ, सोड. पोरीने रडायला तोंड उघडलं की तू बांधावरून ओरडायचीस, "जोरानं नाय रे, मनगटानं!"

तसाच हात चालवला. ओढ, सोड. ओढ, सोड. आणि एकदम खालून कोणीतरी गदागदा हिसकलं! वर ओढतो तर काय, फौजदाराच्या प्रत्येक पिसावर एकेक बांगडा, ओळीने, निळे-हिरवे पट्टे तळपताहेत, माळच्या माळ! पुन्हा टाकली, पुन्हा तेच. सगळी जेट्टी माझ्याभोवती. होडीवालासुद्धा शिव्या विसरून टाळ्या वाजवायला लागला. महेंद्ररावांनी आपला गळ खाली ठेवला, मला मिठी मारली आणि म्हणाले, "मानलं! पोरगी खरं बोलली." आक्का, मी तिच्याकडे पाहिलं. मान अशी ताठ होती तिची! त्या दिवशी कालवणातला सगळ्यात मोठा बांगडा सासऱ्यांनी आपल्या हाताने सुनेच्या ताटात वाढला. मला त्याहून जास्त काही नको.

असो. डोळ्याला धूळ लागू देऊ नकोस, भावोजींच्या गुडघ्याला ऊन लागू दे, आणि धाकट्यावर लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
इंद्रजीत

ता. क. महेंद्ररावांनी ती पिसं हातात घेऊन विचारलं, कोंबडा कुठला? मी तोंड उघडायच्या आत समीक्षा म्हणाली, "आमच्या घरचा हाय. शेपूट जमिनीला टेकते." आपल्या खर्डीच्या घरात रानमांजराने सगळं संपवल्यापासून कोंबडीचं पिल्लूही नाही. आणि येत्या रविवारी सगळे व्याही त्याला बघायला येत आहेत. तेव्हा फौजदाराला घेऊन शनिवारीच ये.

आणखी ता. क. फक्त बघायला. जेवणासाठी दुसरा कोंबडा आणतो. (भावोजी, हा कंस मोठ्याने वाचा: तुमचा फौजदारावर डोळा आहे हे मला माहीत आहे. तुम्ही या, पण त्याच्या शेजारी बसू नका.)

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. तिने सासऱ्यांना सांगून टाकलंय की बाबांना दोरी ओढायला आत्याने शिकवलं आणि आत्या बाबांपेक्षा दुप्पट बांगडे काढते. महेंद्रराव पुढच्या महिन्यात तुला जेट्टीवर न्यायला स्वतः येणार आहेत. आक्का, आता पोरीचा शब्द तुझ्या मनगटात आहे. तू आजपर्यंत समुद्र पाहिलेला नाहीस हे मी कोणाला सांगत नाही. घरात झोळी नसेल तर भावोजींच्या खाटेला दोरी बांध आणि आजपासून हात बसव.