खुनी कळला की दोनदा टकटक

प्रिय ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. शब्द माझेच आहेत, हात तेवढा ह्यांचा. माझे डोळे गेल्यापासून माझी पत्रं हेच लिहून देतात, हे तुला ठाऊकच आहे. कोर्टातल्या लघुलेखकाशी लग्न केल्याचा एवढा तरी फायदा. कानावर पडेल ते कागदावर उतरतं, मध्ये स्वतःचं डोकं घालायची सवयच नाही. मी शिंकले तर तेही लिहितील.

तू त्या लांबच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला गेलीस आणि माझ्या दुपारी ओस पडल्या. हे म्हणतात, आता घरात एकटी असतेस, पडलीस-धडपडलीस तर कोण बघणार? शहराबाहेर एक संस्था आहे, माझ्यासारख्यांची फार छान काळजी घेतात म्हणे. सोमवारी नेऊन सोडतो म्हणाले. सोडतो! मांजराचं पिल्लू पोत्यात घालून सोडतात तसं. मी म्हटलं, ताईला विचारल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. बाबांनी हे घर माझ्या एकटीच्या नावावर केलं तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, तेव्हा घर सोडायचं तर तुला विचारायलाच हवं. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

पण आधी आपल्या सिनेमांबद्दल बोलू. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून तू ते खोकं रद्दीच्या भावात उचलून आणलंस, तेव्हा मला वाटलं होतं तुझं डोकं फिरलंय. जुने इटालियन खुनाचे सिनेमे, तेही त्यांच्या देशातसुद्धा कुणाला आठवत नसतील असे! इटालियन मला ओ की ठो कळत नाही. तू खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायचीस, आणि हाडाची शिंपीण असल्यामुळे खून राहायचा बाजूला, तू मरणाऱ्या बाईच्या कोटाचं अस्तर सांगत बसायचीस. त्या सुरीने एवढी चांगली शिवण उसवली म्हणून हळहळायचीस. बाईबद्दल अवाक्षर नाही. मला हसू आवरायचं नाही.

केवढं सुख होतं त्यात! खुनी यायच्या आधी कुणीतरी बाई ला-ला-ला करत अंगाईसारखं गायची, मग कातडी हातमोज्यांची करकर. पोलीस बिनडोक, घरं श्रीमंत, आणि प्रत्येक मावशीच्या पोटात काहीतरी पाप. आवाज नंतर भरलेले, ओठांशी जुळत नाहीत म्हणून तू कुरकुरायचीस. मला काय त्याचं? मला सगळ्यांत आवडायचा तो नायक. पहिल्याच प्रसंगात त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ मात्र लावता येत नाही. मग सिनेमाभर डोकं धरून बसतो. डोळस लोकांची अशी फजिती ऐकताना मला गुदगुल्या होतात.

आणि आपला तो नियम. खुनी कळला तरी नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याचा विरस करायचा नाही. नुसतं खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक. तू सिनेमा बघताना काहीतरी टाचत बसलेली असायचीस, त्यामुळे तुझी टकटक बोटातल्या लोखंडी अंगुस्तानाची. टक-टक, आणि मागोमाग नाकातून एक विजयी फुस्स.

तू गेल्यावर हे सिनेमा लावतात, पण सांगणं कसलं! बाई आली. बाई गेली. बाई मेली. कोर्टात फाशीची शिक्षासुद्धा असंच लिहून घेत असतील. तरी मी ऐकते. परवा तो मत्स्यालयांच्या दुकानातला सिनेमा लावला होता. काचेच्या पेट्या, बुडबुडे, चाकांच्या खुर्चीतली म्हातारी मावशी, आणि तिचे भाचे एकेक करून मरताहेत. मावशीने खिडकी लावून घेतली असं हे सांगत होते, तेवढ्यात वेताच्या खुर्चीच्या हातावर दोनदा वाजलं. टक-टक. या खेपेला अंगुस्तान नव्हतं, नख होतं. मागोमाग फुस्सही आलं, अर्ध्यात गिळलेलं. मी विचारलं, काय वाजलं? हे म्हणाले, पाल असेल.

मी डोकं दुखतंय म्हणून सिनेमा बंद करायला लावला. शेवटचा थोडाच भाग उरला होता.

ताई, पेन थांबलंय. चालू दे म्हणावं. लिही रे, हेही लिही, आणि काही गाळू नकोस, कारण हा कागद खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई मला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. पाकीट नको, तिकीट नको. ताई, तू आत्ताही त्याच वेताच्या खुर्चीत बसली आहेस, चपला दाराबाहेर काढून. उठू नकोस, ती खुर्ची चहाडखोर आहे. तुझ्या अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि कालपासून ह्याच्या सदऱ्यालाही येतो. तुम्ही हळू चालायला शिकलात, हळू हसायला शिकलात. तुला सिनेमा तेवढा सोडवला नाही. माझा नवरा घेतलास, घरही घेऊ पाहत होतीस, आणि धरली गेलीस ती माझ्याआधी खुनी ओळखल्याच्या आनंदात! मला फार वाईट वाटलं, ताई. मग फार मजा वाटली. सोमवारची वाट बघायची गरज नाही, तुम्ही दोघं आत्ताच निघा. संध्याकाळी कुलूपवाला येतोय. त्या संस्थेत जागा ठेवलेली आहेच, विचारून बघा दोघांना घेतात का. सिनेमे इथेच राहतील. उरलेला शेवट मी आज सकाळी नर्सबाईंकडून ऐकला. तुझा अंदाज चुकला, ताई. मावशी खुनी नव्हती. कोण होतं, ते मी सांगणार नाही, आणि तो सिनेमा तुला दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

तुझीच होते ती,
धाकटी