काढलेला महिरपी कंस

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. गोंदियातल्या तुमच्या क्लासला मी अर्जुनी मोरगावहून सकाळच्या गाडीने यायची. बाकीच्या मुलींना तुम्ही टायपिंग शिकवलंत, मला मात्र संगणकावरची ‘सेड’ ही आज्ञा शिकवलीत. यादी ओळीओळीने वाचायची आणि अटीत बसेल ती ओळ उडवायची, एवढंच तिचं काम. दोन्ही अटी लागायला हव्या असतील तर पहिलीनंतर महिरपी कंस उघडायचा आणि दुसरी त्याच्या पोटात लिहायची. पहिल्या चाळणीतून पडेल तेवढंच दुसऱ्या चाळणीत घ्यायचं, असं तुम्ही समजावलं होतं. मला ते पहिल्याच दिवशी जमलं आणि तुम्ही मला डोक्यावर घेतलंत.

मग निवडणुकीआधी आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची सभासद यादी साफ करायचं काम तुमच्याकडे आलं, ते तुम्ही कौतुकाने माझ्या हाती दिलंत. ज्याने वर्षभर तलावात जाळं टाकलं नाही आणि सभेलाही तोंड दाखवलं नाही, त्याचंच नाव काढायचं होतं. आमच्याकडे जाळं पुरुष टाकतात, बाया टोपल्या घेऊन बाजारात बसतात. म्हणजे प्रत्येक बाईच्या नावापुढे ‘जाळं नाही’ असणारच. पण सभा त्या चुकवत नाहीत, अध्यक्षांना प्रश्न विचारून भंडावून सोडतात. माझी आई त्यात सगळ्यात पुढे. म्हणून मी कंस नीट लिहिला, दोनदा तपासला.

यादी संस्थेच्या भिंतीवर लागली तेव्हा तिच्यात एकही बाई नव्हती. तुम्ही कंस काढून दोन्ही अटी सुट्या केल्या होत्या. जाळं नाही, नाव गेलं. सभा नाही, तरी नाव गेलं. अध्यक्षांना नेमकं हेच हवं होतं आणि तुम्ही ते करून दिलंत. बाया जाब विचारायला आल्या, तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, “लडकी नयी है, गलती हो गयी.” त्याच यादीवर निवडणूक झाली आणि आईचं सभेला जाणं सुटलं.

त्या संध्याकाळी आई मासे साफ करून राहिली होती. मान वर न करता तिनं विचारलं, “काऊन वं, आपल्या मायचंच नाव काहाडलं?” मी तुमचं नाव घेतलं नाही. आजही ती शेजारणींना सांगते, की पोरगी शिकत होती, चुकली.

हे पत्र कुठे टाकणार? पण आईला कधी सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते. यादी काढण्याआधी मी अटी लिहिलेली ती फाईल उघडली होती. कंस नव्हता, ते मला दिसलं. सरांनी काढलाय म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून मी ती चालवली आणि यादी माझ्याच हाताने छापली.