कोपऱ्यातलं वर्तुळ

सोमवार, ४ तारीख

नोकरी लागली आणि खोलीही मिळाली! शिवाय खोलीची खिडकी उघडते. मागच्या घरातली रंगाने अशी चिकटली होती की उघडता उघडता माझ्या नाकी नऊ यायचे. ढमीने पलंगावर उड्या मारून खोली पसंत केली. ढमी म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. गाल बघितले की नावाचं कारण कळतं.

काम मजेशीर आहे. या शिकवणी कंपनीकडे भूमितीचे ढीगभर जुने धडे आहेत. पडद्यावर आकृत्या आणि मागून एका बाईंचा आवाज, बस. बाई कधीच सोडून गेल्या. त्यांचा फोटोसुद्धा कुणाकडे नाही. पण आता मुलांना चेहरा हवा. म्हणून मी कॅमेऱ्यासमोर बसायचं, जुना धडा लावायचा, बाईंच्या आवाजावर ओठ हलवायचे, की माझं तोंड कोपऱ्यात एका वर्तुळात दिसणार. ही सरळ सरळ फसवणूक आहे, असं मी कंपनीच्या सरांना म्हटलं. ते म्हणाले, अहो, पगार तर खरा आहे ना! मला हसू आवरेना.

मंगळवार, ५ तारीख

ऑफिसातले कॉम्प्युटर भाड्याचे आहेत, त्यात काही बसवायला बंदी. म्हणून ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, त्यात धडा टाकायचा, वर्तुळ ओढून कोपऱ्यात सोडायचं आणि बटण दाबायचं. एवढं सोपं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

ते पान दर वेळी विचारतं, कॅमेरा वापरू का? कॉम्प्युटर सांभाळणारे काका जाता जाता म्हणाले की दर वेळी होय म्हण पोरी, कायमचं होय म्हणू नकोस. का, ते सांगेनात. दर धड्याला तोच प्रश्न, तेच उत्तर! तिसऱ्या धड्याला मी वैतागले आणि ‘नेहमी परवानगी’ दाबून मोकळी झाले.

शुक्रवार, ८ तारीख

सर खूश आहेत. धड्याच्या सुरुवातीला छान हसता म्हणाले. फक्त वर्तुळ जरा लहान ठेवा, आकृती झाकली जाते. मी तर लिंबाएवढंच ठेवलं होतं. धडा पुन्हा लावून बघितला तर वर्तुळ बशीएवढं. माझी मान दिसत होती, खांदेही.

आणखी एक. ओठ आवाजाच्या आधी हलत होते. मी तर नेहमी मागे पडते.

मंगळवार, १२ तारीख

सकाळी वेणी घालताना ढमीने विचारलं, आई, तू रागावलीस का? नाही गं, म्हटलं. मग हस ना, म्हणाली.

मी हसले. म्हणजे मला वाटलं, हसले. आरशात बघितलं तर तोंड जागचं हललेलं नाही. बोटांनी ओठांचे कोपरे वर धरले, सोडले की खाली. ऑफिसात जाऊन कालचा धडा लावला. वर्तुळात मी खळी पडेपर्यंत हसत होते. मला संताप आला. ते हसू माझ्या लेकीचं आहे. फुकट वाटायला ठेवलेलं नाही.

बुधवार, १३ तारीख

कॅमेऱ्याची परवानगी काढून टाकली. भिंगावर जखमेची पट्टी चिकटवली. धडा लावला. कोपऱ्यात मी होतेच.

काकांना बोलावलं, म्हटलं, जे काय असेल ते उपटून काढा. त्यांनी बराच वेळ शोधलं. मग हात टेकले. म्हणाले, पोरी, इथे काही बसवलेलंच नाही, तर काढू काय? ते खुर्चीकडे बघत नव्हते. बाईही इथेच बसायच्या, एवढं बोलले आणि निघाले. नोकरी सोड, असं दारातून म्हणाले.

सोडते की! पण हसू घेतल्याशिवाय नाही.

गुरुवार, १४ तारीख

सरांना सांगितलं. त्यांनी सुट्टी घ्या म्हणून सुचवलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून, मग नजर वळवून.

आज भुवया गेल्या. कपाळाला आठीसुद्धा पडत नाही. रागावलेय मी, आणि तोंडावर काही नाही. ढमी माझ्याकडे येते, थबकते, मग पाठीमागून मिठी मारते. पाठ तरी माझी आहे.

वर्तुळ आता अर्धा पडदा व्यापतं. त्यात जे जे दिसतं, ते ते त्या आवाजवाल्या बाईचं होतं. दंडापर्यंत दिसतं. हात दिसत नाहीत. म्हणून लिहितेय.

शुक्रवार, १५ तारीख

जुन्या धड्यातला बाईंचा आवाज. त्रिज्या शिकवता शिकवता मध्येच मला म्हणाला — जरा मागे सरका. हात दिसू देत.

नाही सरकले. उलट नाक भिंगाला लावून बसले. म्हटलं, बघ किती बघायचंय ते. भवानी कुठली!

शनिवार, १६ तारीख, दुपार

ऑफिस रिकामं. ढमी शेजारच्या मावशींकडे. संध्याकाळी हसत येते, असं तिला सांगून आलेय.

बेत असा. बाईंचा आवाज बंद. पट्टी काढायची. आणि माझ्या आवाजात बोलायचं. तोंड तिने घेतलं, आवाज नाही. तो तिला तिचाच पुरतो —

सुरू केलं. ओरडले. माझं आहे, दे इकडे. वर्तुळातली बाई पहिल्यांदा दचकली. हसू डगमगलं. माझा डावा गाल हलला! खरंच हलला —

पुन्हा ओरडले. ओठ फुटला, रक्ताची चव. पण कोपरा वर आला. अर्धं हसू मिळालं. ढमे, अर्धं मिळालं गं —

वर्तुळ वाढतंय. कोपर दिसतंय. मी जागची हलले नाही, तरी —

मनगट

उजवा गेला. वर्तुळात तो मला टाटा करतोय. करू दे. हे डाव्याने लिहितेय, अक्षर गचाळ आहे, पण माझं आहे. उरलेलं अर्धं घेतल्याशिवाय मी उठ