तिच्या बोलण्यातला ‘ले’

वडनेर भोलजी, १४ एप्रिल १९६३
लशीचं काम अर्धंच राहिलं. दुपारी गावातल्या पुंडलिकमामांनी बैलगाडीत घालून एक बाई दवाखान्यात आणली. नांदुऱ्याच्या रस्त्याला पडलेली सापडली म्हणे. डोकं फुटलेलं, अंग तव्यासारखं. रस्त्याच्या कामावर मद्रासकडचे मजूर होते, त्यांच्यातली असावी. पण ती टोळी चार दिवसांपूर्वीच पुढे गेली. ही मागे का राहिली, कोण जाणे.
डॉ. बुलढाण्याला मीटिंगला. टाके मीच घातले. आमचे कंपाउंडर ना.भाऊ हिंदीत बोलून पाहतात, उर्दूत पाहतात. काही नाही. माझा हात घट्ट धरून एकच वाक्य, परत परत – “मणि किणत्तिले.”

१५ एप्रिल
ताप उतरत नाही. वाक्य तेच.
ना.भाऊ – “काय म्हनून राह्यली वो हे बाई?”
मी – “गळ्यातले मणी किणत्तीले द्या म्हनते. बहीण असन.”
लगेच कळलं म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पुण्याला नर्सिंग शिकताना मी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की सगळ्या हसायच्या. तीन वर्षं जीभ आवरून बोलले. आणि ही कुठल्या मुलखातली बाई, हिच्या तोंडी आपला ले!
गळ्यातला काळ्या मण्यांचा सर सोडवून तिला दाखवला. “देतो वं माय. किणत्तीले देतो.” तर तिनं हातावर फटकाच मारला. ओरडायला लागली. मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

१६ एप्रिल
सकाळी सातला गेली. शेवटपर्यंत दाराकडे बोट.
पोलीस पाटलांनी कागद केला. संध्याकाळी सर घेऊन गावभर किणत्ती विचारत फिरले. कुणालाच माहीत नाही.

१७ एप्रिल
आजचं सगळं लिहून ठेवते.
औषधं आणायला नांदुऱ्याला गेले होते. स्टेशनातले तारबाबू मद्रासकडचे, म्हणून सहज विचारलं – किणत्ती हे बाईचं नाव असतं का? पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.
“ये नाम नहीं, सिस्टर. किणत्तिले माने कुएँ में.”
मी म्हटलं, पण शेवटी ले आहे ना.
“आपका ले माने ‘को’. हमारा ले माने ‘अंदर’. मणि नाम है, कोई बच्ची होगी.”
बस नव्हती. ट्रकमध्ये बसून आले. मामांना आणि ना.भाऊंना घेऊन ती सापडली तिथं गेलो. दोन शेतं सोडून एक पडीक विहीर. ना.भाऊ दोरानं उतरले. पाणी नाही, गुडघाभर गाळ. गाळात लहान पावलं, एक लहान बांगडी. पोर नाही.
काठावर लेंड्या, तीन दगडांची चूल. मामा म्हणाले, “मेंढ्यावाले उतरले होते अठी. परवा उठले. पोरीले तेईनंच काढलं असन.”
परवा. परवा तिची आई जिवंत होती. पोर इथून कोसभरावर, आणि मी तिच्या उशाशी बसून मणी दाखवत होते.

१८ एप्रिल
नांदुरा ठाण्यात सगळं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. मेंढ्यावाले कुठं गेले? जमादार म्हणाला, “वारा जाय तिकडं.”

३ मे
अजून काही पत्ता नाही.
आज एक बाई म्हणाली, “पोराले ताप हाये.” मी क्षणभर ऐकलं – पोरात. तिनं तीनदा सांगितलं तेव्हा थर्मामीटर काढलं. रस्त्यात विहीर आली की वाकून पाहते. गावात माझ्याबद्दल बोलणं सुरू झालंय.
बाबा आले होते उंद्रीहून. त्यांना सगळं सांगितलं.
“तुले ते भाषा येत नव्हती. दोष काऊन घेतं आंगावर?”
म्हटलं, “येत नाही असं वाटलंच नाही बाबा. तेच तर.”
जाताना बाबांनी डोक्यावर हात ठेवला.

२९ मे
जळगाव जामोदकडे देवीची लस टोचत फिरणारे देवीडॉक्टर आले होते. मी विचारलं नव्हतं, तेच सांगत होते. सातपुड्याच्या पायथ्याला मेंढ्यावाल्यांचा तळ आहे. तिथं टोचायला गेले, तर पाच-सहा वर्षांची एक पोर, कुणाशी बोलत नाही. टोचलं तरी रडली नाही. मेंढकीण म्हणाली, माझीच आहे, मुकी आहे. आणि पोरीला पाठीमागे ओढलं.
डॉ.कडे रजा मागितली. दोन दिवस मिळाले.

३० मे
तारबाबूंकडे जाऊन आले. ‘तुझं नाव काय’ त्यांच्यात कसं विचारतात? – “उन पेर एन्न.” दिवसभर पुटपुटतेय. ना.भाऊ बघत होते.
उद्या पहिल्या गाडीनं निघते. ती मणि नसली तर? असली, आणि मेंढकिणीला सोडून येईना तर? आली तरी नेणार कुठं?
अम्मा म्हणजे आई, एवढं मलाही ठाऊक आहे. ती गेली, हे कसं म्हणायचं ते तारबाबू सांगत होते. मी म्हटलं, आज नको.