पाचवं शील

छत्रपती संभाजीनगर,
४ जानेवारी २०२५

ती. सर्जेराव मामांस,
विशाखाचा सप्रेम जयभीम. वि.वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुमच्या गावच्या कचरूच्या जीपनं चिठ्ठी पाठवते.

आईचा कॅन्सर आता हाडात उतरलाय. करुणा सिस्टर दर मंगळवारी घरी येतात. तुमच्या मागच्या खेपेला त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दुखो न दुखो, दर चार तासांनी द्यायच्या. दुखणं एकदा चढलं की आवरायला जड जातं, असं त्या म्हणतात. मी घड्याळ लावून देते. तरी आई दात आवळून पडलेली असते, कूस बदलू देत नाही. गोळी लागू का पडत नाही, कळत नाही. मंगळवारी सिस्टर डॉक्टरांना डोस वाढवायचं विचारणार आहेत.

मामींना जयभीम. तुमची माया आहेच, ती राहू द्या.
विशाखा

पिशोर,
६ जानेवारी

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून जेवण गेलं नाही. मागच्या खेपेला मालननं मला विचारलं होतं, ही अफूचीच गोळी व्हय का. मी व्हय म्हणालो. नशाच ती, असंही बोलून गेलो.

तुझ्या बापाला दारूनं नेलं. त्यानंतर तिनं बाया जमवून इथली भट्टी मोडली. नशा न करण्याचं पाचवं शील तिनं कधी मोडलं नाही. ती गोळ्या गिळत नसंल, तिच्या उशाखाली बघ. डोस वाढवायच्या आधी बघ. सोबतची चिठ्ठी तिला वाचून दाखव.

स्वतः जेवत जा. मामाला बोल लाव, पण लिहीत जा.
सर्जेराव

छत्रपती संभाजीनगर,
१० जानेवारी

ती. मामांस जयभीम.

गोळ्या उशाखाली नाही, सुपारीच्या बटव्यात सापडल्या. ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. मी पाठ फिरवली की ती थुंकत होती. सिस्टर रागावल्या नाहीत. डोस न वाढवता आधीचाच नीट सुरू केला.

तुमची चिठ्ठी आईनं दोनदा वाचायला लावली. "मालन, मी चुकलो. नशा माणूस भान घालवायला करतो. तुझं भान दुखण्यानं नेलंय, ते परत आणायला ही गोळी हाय. घे." ऐकून म्हणाली, दादाला चूक कबूल करायला सत्तर वर्षं लागली. मग पाणी मागितलं.

काल तिनं वेणी घालून घेतली. वरणात मीठ जास्त झालं म्हणून मला बोललीही. फार बरं वाटलं.

इकडची काळजी थोडी कमी करा.
विशाखा

छत्रपती संभाजीनगर,
४ फेब्रुवारी

ती. मामांस जयभीम.

उरलेल्या गोळ्या सिस्टरकडे परत दिल्या. घर आवरलं. फार थकले आहे.

आईच्या पुण्यानुमोदनाला वंदना घेताना तुम्ही चौथ्या शीलानंतर थांबलात. लोकांना वाटलं, आवाज बसला. मला माहीत होतं. तुम्ही एकदा बोललात, मी दोन आठवडे गोळी हातावर ठेवून पाठ फिरवत राहिले. दोघांचंही मनात राहील.

एक सांगायचं राहिलं. शेवटचे अठरा दिवस आई रोज सकाळी पाचही शीलं म्हणायची. पाचवं झालं की गोळीसाठी हात पुढं करायची.

येत्या पौर्णिमेला विहारात चौथ्या शीलावर थांबू नका. आई नाही म्हणून येणं सोडू नका.
विशाखा